उसवून शिवलेला खेळ

संगणकाच्या तयार खेळात हौशी लोक करतात त्या ‘मॉड’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न नरसी नामदेवला बहिणीच्या घरी निघाला. ‘फेरफार’ म्हटलं की तलाठी आणि सातबारा आठवतो. ‘बदल’ फारच ढोबळ. भाचा आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटची भिंगं पुसत होता. बहीण म्हणाली, “दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं अन् आपल्या मापानं पुन्हा शिवायचं, एवढंच ना?”

कयाधूकाठचं हे गाव नामदेवांचं. १२७० साली ते इथे शिंप्याच्या घरी जन्मले, अशी परंपरा आहे. बहिणीचा शब्द मला तिथल्या तिथे पटला, आणि त्याच्याच धाग्यानं मी मॉडचं कूळ शोधायला लागलो.

आपल्याकडचा जुना दुवा कल्याणचा. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी तिथे १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. शंबरासुराची माया ती शांबरी. नावातच सगळं आलं. दिव्यापुढे रंगवलेली काच धरायची, भिंगातून तिचं चित्र पडद्यावर मोठं होऊन पडायचं. जादूच्या कंदिलाची ही युक्ती युरोपातली; पण पटवर्धनांच्या काचेवर आपल्या पुराणातली माणसं होती, हातानं रंगवलेली. मुंबईत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दिसायला अजून चार वर्षं होती. काचेवर आपली माणसं आणणं जमलं, कारण कंदील वेगळा होता आणि काच वेगळी. काच बदलायला कंदील फोडावा लागत नव्हता.

संगणकाच्या खेळांत सुरुवातीला फोडावंच लागे. १९८३ मध्ये काही हौशी मुलांनी ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’मधले नाझी शिपाई काढून तिथे निळे स्मर्फ बसवले, तेव्हा मूळ खेळच कुरतडावा लागला. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ आला आणि कंदील-काचेची जुनी सोय परत आली. त्याचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक यानं खेळ चालवणारं इंजिन एकीकडे ठेवलं आणि नकाशे, चित्रं, आवाज ‘वॅड’ नावाच्या फायलीत दुसरीकडे. लोकांनी आपापल्या फायली घडवल्या. हा निव्वळ तांत्रिक निर्णय नव्हता असं मी मानतो. आपल्या कामावर दुसऱ्याचा हात फिरू देण्याचं मोठं मन त्यात आहे.

त्याच कार्मॅकचं नाव व्हीआरच्या घराण्यातही येतं. दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रं दाखवली की खोली दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्येच दाखवलं होतं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंडनं डोक्यावरचा पडदा केला, पण तो छतातून उतरणाऱ्या दांड्याला जोडलेला. घरात मावेल असं यंत्र पामर लकी या तरुणानं जुळवलं, आणि जून २०१२ मध्ये कार्मॅकनं ते लॉस एंजेलिसच्या ई-थ्री मेळ्यात दाखवलं. त्यावर चालवला ‘डूम ३’, त्यानं स्वतः व्हीआरसाठी बदललेला. आजची लाट जिथून उठली, ते प्रात्यक्षिकच मॉडचं होतं! मॉड ही व्हीआरची नंतर फुटलेली फांदी, असं जे समजलं जातं, ते म्हणूनच मला मान्य नाही.

भाचा वापरतो ते ‘यूईव्हीआर’ जानेवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. प्रेडॉग या टोपणनावानं काम करणाऱ्याचं ते फुकट साधन. ‘अनरिअल’ या खेळांच्या इंजिनाच्या नव्या पिढ्यांवर, चौथ्या-पाचव्या आवृत्तीवर बेतलेले कित्येक खेळ त्यानं व्हीआरमध्ये उघडतात. खेळ चालू असतानाच ते आत शिरतं, एका कॅमेऱ्याच्या जागी दोन लावतं आणि मान वळली की कॅमेरेही वळवतं. चित्र दोनदा काढायचं म्हणजे ग्राफिक्स कार्डावर ताण येतो. नव्वद हर्ट्झला एका चित्रासाठी जेमतेम अकरा मिलिसेकंद मिळतात. म्हणून भाच्यानं सुरुवात जुन्या, हलक्या खेळानं केली. एकट्यानं खेळायचाच खेळ घेतला, कारण ऑनलाइन खेळांत असं काही आत शिरलेलं दिसलं तर खातं बंद होऊ शकतं. पहिले दिवस बसूनच खेळायचं, आणि मळमळ सुरू झाली की तिथेच थांबायचं. नेट लावून खेळत राहिलं तर ती वाढतेच.

मला मात्र एका गोष्टीनं खिळवलं. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर वाढवलं की समोरचा वाडा खेळण्याएवढा दिसतो, कमी केलं की राक्षसी होतो. आकड्यांत काही चुकत नाही, फक्त आपलं शरीर त्या जगात बसत नाही. म्हणून आधी आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर हेडसेटला सांगावं लागतं. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं. पण सरासरीवर शिवलेला सदरा कुणाच्या अंगाला नीट बसतो?

भाच्यानं मला आरशासमोर उभं केलं, कपाळाला शाळेची पट्टी लावली. “मामा, हलू नका.” बहीण शिवणयंत्रावरून उठून आली, त्याच्या हातातली पट्टी सरळ केली आणि म्हणाली, “माप दोनदा घे.”