शर्यतीच्या बैलाची कारकीर्द

घोड नदीच्या कांठीं शिरूर आणि भीमेच्या कांठीं दौंड हीं गांवें वसलीं आहेत. या टापूंत बैल हा केवळ नांगराचा सोबती नव्हे; शिरूरकडील यात्रांतून तो घराण्याच्या कीर्तीचाहि वाहक ठरला आहे.

शर्यतीची रीत प्रांतपरत्वें भिन्न आहे. साताऱ्याकडे अनेक छकडे एकदम सुटतात. शिरूर, खेड, आंबेगांव व जुन्नर या भागांत मात्र चढाच्या धांवपट्टीवर एकेकच गाडा सोडतात. या पट्टीस 'घाट' म्हणतात. पुढें घोडेस्वार, मागें बैलांच्या दोन जोड्या आणि गाड्यावर हांकणारा कोणीच नाहीं! येथें खरा प्रतिस्पर्धी घड्याळ. निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो.

यासाठीं चपळ खिल्लार गोऱ्हा निवडून त्यास पोटच्या पोराप्रमाणें वाढवितात. इंजिनानें मोटेचा आणि ट्रॅक्टरनें नांगराचा बैल घरीं बसविला. शर्यतीमुळेंच खिल्लारास गिऱ्हाईक उरलें, असें गाडामालक म्हणतात. परंतु वेगाच्या हव्यासांत चाबूक, टोंचणी व शेपटी पिरगाळणें हेहि प्रकार शिरले. मुक्या जनावराची बाजू मांडणारे लोक न्यायालयांत गेले ते याचमुळें.

केंद्र सरकारनें २०११ सालीं खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूच्या जलिकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील शर्यतीहि बंद केल्या. घाट ओस पडले. दावणीचा खर्च मात्र थांबला नाहीं. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायदा दुरुस्त केला, तथापि मुंबई उच्च न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिली नाहीं. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली.

आतां जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी व पशुवैद्याची तपासणी आवश्यक असून काठी, चाबूक आणि विजेचा धक्का वर्ज्य आहेत. कायद्यानें शर्यत वांचविली खरी. तिची अब्रू मात्र गाडामालकाच्या हातीं आहे. जो बैल बिनचाबकाचा धांवतो, त्याचाच गुलाल खरा. आणि घाट उतरलेल्या बैलास म्हातारपणीं दावणीची जागा मिळते कीं बाजाराची वाट, यावरून त्या घराण्याच्या कीर्तीचें मोल ठरेल.