तुर्कीनोच्या बोगद्यापलीकडे

आपल्याकडचा व्यापारी दिवाळीत नवी वही उघडतो. इटलीतल्या सायकलवेड्या माणसाची वही मार्चमध्ये उघडते. पूर्वी मिलानहून सुटणारी शर्यत त्या दिवशी सुमारे तीनशे किलोमीटर धावून सान रेमो या सागरतीरावरच्या गावी थांबते. लोक तिला लाडाने ‘ला प्रिमाव्हेरा’ म्हणतात, म्हणजे वसंत. अलीकडे हंगामाचा पहिला मोठा नारळ जानेवारीतच ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला फुटतो. तिथली शर्यत १९९९ साली सुरू झाली. पण जुन्या रसिकांना विचाराल, तर तुर्कीनोची खिंड ओलांडल्यावाचून वर्ष लागत नाही!

ही खिंड म्हणजे सगळ्या कथेची गुरुकिल्ली. मिलान उत्तरेच्या सपाट मुलखात, धुक्यात बुडालेले. मधे डोंगर, आणि डोंगरापलीकडे एकदम निळा समुद्र नि फुलांचे मळे. खिंडीची उंची म्हणाल तर आपल्या खंडाळ्याइतकीच. माथ्यावर एक लहानसा बोगदा आहे. हिवाळ्यात आत शिरावे आणि वसंतात बाहेर पडावे, असा त्याचा लौकिक. उत्तर युरोपातले रस्ते थंडीत निकामी होत, तेव्हा स्वार आडोशाच्या लाकडी धावपट्टीवर गिरक्या घेत पोट भरायचे. उघड्या रस्त्यावर पुन्हा उतरायचे ते ऊन शोधत, दक्षिणेला.

शर्यतीचा जन्म मात्र वसंताच्या ओढीने झाला नाही. तो वर्तमानपत्राच्या खपासाठी झाला. सान रेमोकरांना आपल्या गावाकडे पाहुण्यांचे लक्ष वेधायचे होते. १९०६ साली मोटारींची शर्यत करून पाहिली, ती फसली. मग ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या क्रीडापत्राने सायकली धावडवायचे ठरवले. १४ एप्रिल १९०७ रोजी पहिली शर्यत झाली. नावे आली बासष्ट. पण हवा अशी की प्रत्यक्ष निघाले तेहतीस. ल्यूसिआँ पेती-ब्रेताँ हा फ्रेंच गडी अकरा तासांहून अधिक वेळ पायडल मारून पहिला आला. हे त्याचे खरे नाव नव्हे बरे का! तो ल्यूसिआँ माझाँ. बालपण अर्जेंटिनात गेले; सायकलीचा धंदा वडिलांना रुचणार नाही म्हणून त्याने टोपणनाव घेतले. त्याच्या जयात त्याचाच साथीदार जेर्बी याचा हात होता. शेवटच्या टप्प्यात त्याने गारिगू या प्रतिस्पर्ध्याची वाट अडवली, आणि त्यापायी स्वतःचा दुसरा क्रमांक गमावून तिसऱ्यावर उतरला.

पण ज्या दिवसाने या शर्यतीची दंतकथा झाली तो ३ एप्रिल १९१०. साठांहून अधिक स्वार निघाले. थंडी, चिखल, वारा. फ्रान्सचा ओजेन क्रिस्तोफ कुडकुडत बोगद्यापाशी पोचला आणि पलीकडे निघाला, तो पुढे वसंत कुठला? वीत-वीत बर्फ! सायकल ढकलत चालावे लागले. १९०८ चा विजेता व्हान हाउवार्ट त्याला वाटेत दिसला, तो अंगावर झगा ओढून, सायकल हाती धरून शर्यत सोडण्याच्या बेतात. थोड्याच वेळात क्रिस्तोफच्या पोटात कळा उठल्या आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर कोसळला.

एका वाटसरूने त्याला उचलून जवळच्या खाणावळीत नेले. मालकाने ओले कपडे काढून घोंगडी गुंडाळली. वीस-पंचवीस मिनिटे तो विस्तवापाशी हातपाय हलवत बसला. पाठोपाठ व्हान हाउवार्ट आणि एर्नेस्त पोल आले. बोटे इतकी बधिर की त्यांनी हात चक्क जाळात धरले. तेवढ्यात खिडकीतून चिखलाने माखलेले चार स्वार पुढे जाताना दिसले. क्रिस्तोफ उठला. मालक सोडीना; तेव्हा पुढून आगगाडीने जातो, अशी थाप मारून तो बाहेर पडला. पुढच्या सर्वांना एकेक करून गाठले आणि साडेबारा तासांच्या आत सान रेमोला पहिला पोचला. दुसरा आला तासाभराने. म्हणजे मधे लुइजी गान्ना आला होता. पण काही वाट त्याने वाहनात बसून कापल्याचे उघड झाले आणि तो बाद ठरला. आदल्या वर्षीचा विजेता तो! मला त्याचा राग येत नाही. शेवटी चौघांनाच निकालात जागा मिळाली. क्रिस्तोफला महिनाभर रुग्णालयात काढावा लागला आणि पूर्ववत व्हायला बराच काळ गेला. हंगाम सुरू झाला त्याच दिवशी त्याचा हंगाम संपला. जिंकून हरणे ते हेच.

नव्या आरंभाचा खरा आनंद पाहायचा असेल, तर १९ मार्च १९४६ पाहावा. महायुद्धामुळे १९४४ आणि १९४५ ची शर्यत झाली नव्हती. देश भुकेला, रस्ते उखडलेले. फाउस्तो कोप्पी १९४३ मध्ये ट्युनिशियात इंग्रजांच्या कैदेत सापडला होता. घरी परतून त्याला जेमतेम वर्ष झाले होते. त्याने मिलान सोडल्यावर लगेचच मुसंडी मारली. एकेक साथीदार गळत गेला. तुर्कीनोच्या चढावर फ्रेंच तेसेरही मागे पडला. काळोख्या बोगद्यातून तो एकटाच समुद्राकडे उतरला. तेसेर दुसरा आला, तो चौदा मिनिटांनी! नभोवाणीवरच्या निवेदकाने म्हणे सांगितले की, दुसरा येईपर्यंत आपण नृत्यसंगीत ऐकू. गोष्ट खरी असो वा रचलेली, युद्ध संपल्याची वर्दी इटलीला याहून गोड शब्दांत मिळाली नसेल.

त्यानंतर वाटेवर नवे चढ घातले गेले, १९६० मध्ये पोज्जो आणि १९८२ मध्ये चिप्रेस्सा. कारण रस्ते गुळगुळीत झाले, स्वार वेगवान झाले, आणि तुर्कीनो कोणाला दमवीना.

तरी तुर्कीनोने एकदा जुना हिसका दाखवलाच. १७ मार्च २०१३ रोजी खिंडीत पुन्हा बर्फ साचले. ओवादा गावी शर्यत थांबवली, गारठलेल्या सर्व स्वारांना बसगाड्यांत भरले, डोंगर ओलांडून समुद्रकाठी उतरवले आणि तिथून पुन्हा सोडले. जर्मनीचा गेराल्ड चोलेक जिंकला. वाहनात बसल्याबद्दल या वेळी कोणी बाद झाले नाही. बिचारा गान्ना!