पुनर्विकास आणि भाडेकरू : एकाच इमारतीत दोन न्याय

मुंबईत जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचे ठरले की तेथे राहणाऱ्या सर्वांचे भवितव्य एकसारखे राहत नाही. एकाच मजल्यावरील दोन शेजाऱ्यांपैकी एकाला नव्या इमारतीत मालकी हक्काची सदनिका मिळते, तर दुसऱ्याला सामान उचलून नवे घर शोधावे लागते. कोण किती वर्षे राहिला, यापेक्षा कोणाच्या हातात कोणता कागद आहे, यावर हा फरक ठरतो.

संरक्षित भाडेकरू

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु मिळणाऱ्या भाड्यातून दुरुस्तीही होईना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. नवा भाडेकरू ठेवताना पागडी घेण्याची प्रथाही रुजली. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि शहर भागातील १९,६४२ इमारतींना उपकर लागू झाला. त्यांनाच 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग बनले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ आणि पागडी या दोहोंना मान्यता दिली. मात्र मूळ भाडेच तुटपुंजे असल्याने या वाढीचा मालकाला फारसा उपयोग होत नाही.

परवानाधारक

लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा करार चालू होता, त्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतर 'घर दिले तर परत मिळणार नाही', ही धास्ती मालकांच्या मनात बसली. १९९९ च्या कायद्यातील कलम २४ ने ती दूर केली. मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास दुप्पट रकमेची भरपाई द्यावी लागते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी टळत नाही.

पुनर्विकासात कोणाला काय?

विकास नियंत्रण नियम ३३(७) नुसार उपकरप्राप्त इमारतीतील पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका विनामूल्य मिळते. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी कलम ७९(अ) खालील निर्देश ३ जानेवारी २००९ रोजी निघाले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारले गेले. आता पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. बांधकाम चालू असेपर्यंत विकासक सभासदाला पर्यायी घराचे भाडे देतो. सभासदाने सदनिका परवान्याने दिली असेल तर हे भाडेही सभासदालाच मिळते. घर सोडणाऱ्या परवानाधारकाचा त्यावर हक्क नसतो.

भाडी का चढतात?

एकाच विभागात अनेक इमारती पाडल्या जातात, तेव्हा भाड्याने मिळू शकणारी घरे घटतात आणि त्याच वेळी घर शोधणारे वाढतात. मुलांची शाळा व नोकरी जवळ राहावी म्हणून ही कुटुंबे तोच परिसर धरून बसतात. सभासदाच्या पाठीशी विकासकाचे भाडे असते. परवानाधारकाला स्वतःच्या पगारातून भाडे, अनामत रक्कम आणि दलाली भागवावी लागते. या चढाओढीत तो मागे पडतो आणि विरार, डोंबिवली किंवा बदलापूरची वाट धरतो. नव्या इमारतीतील सदनिका मोठ्या व देखभाल खर्चही जास्त असल्याने जुन्या भाड्यात परतणे अशक्यप्राय ठरते.

सावधगिरी

हक्काचा कागद असलेलेही पूर्णपणे निर्धास्त नसतात. प्रकल्प रखडला की विकासकाचे भाडे थांबू शकते आणि संक्रमण शिबिरातील मुक्काम वर्षानुवर्षे लांबतो. म्हणून भाडेपावत्या जपाव्यात आणि कायम पर्यायी जागेचा करार नोंदल्याशिवाय घर रिकामे करू नये. परवानाधारकाने कराराची नोंदणी, अनामत परत करण्याची अट आणि मुदतीपूर्वी घर सोडावे लागल्यास मिळणारी सूचना यांकडे लक्ष द्यावे.

पुनर्विकासाच्या नियमांत मालक, सभासद आणि जुना भाडेकरू यांना स्थान आहे. परवान्याने राहणाऱ्याला ते नाही, आणि वाढत्या भाड्याचा भार मात्र मुख्यतः त्याच्यावरच पडतो.