चूक डीएमची, बिल कुणाचं?

आमच्या टेबलावर एक बाई मेली आणि तासाभराने उठून बसली. नियमाप्रमाणे ती मेलेलीच राहायला हवी होती. तिला उठवणारा गाढव म्हणजे मी.

ज्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हटल्यावर काहीच बोध होत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पाकीटमार. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, "समोर तीन वाटा आहेत, उजवीकडून कुबट वास येतोय, काय करता?" असं विचारतो, आणि तुम्ही जे म्हणाल ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक मिळून ठरवतात. डीएम म्हणजे निम्मा कीर्तनकार, निम्मा अंपायर. आमच्या शनिवारच्या टोळक्यात हे दुहेरी पद माझ्याकडे आहे, मुख्यतः पुस्तक मी विकत घेतलं म्हणून.

तर झालं काय, कोयना नावाची आमची पाकीटमार (पात्रांना नद्यांची नावं द्यायची फॅशन आहे आमच्यात) एका भुयारात मेली. आमचा पुजारी तिला खांद्यावर टाकून निघाला. भुयार, मग ओढा, मग शहराची वेस, मग देऊळ. देवळात त्याने 300 सुवर्णमुद्रांचे हिरे ठेवले आणि रिव्हिव्हिफाय नावाचा मंत्र म्हटला. मी एक क्षण थांबून (नाट्य!) म्हणालो, "कोयनाने डोळे उघडले." लोक खुर्चीवरून उठून ओरडले. शेजारच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप आली. माझ्या डीएमगिरीतला सर्वोच्च क्षण.

मंगळवारी ऑफिसच्या कॅबमध्ये सहज नियम चाळत होतो. पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की हा मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत चालतो. एका मिनिटाच्या. आमचा तास झाला होता. दहा दिवसांपर्यंत चालणारा मंत्र वेगळा, त्याला 500 मुद्रांचा हिरा लागतो, आणि तो आमच्या पुजाऱ्याला अजून येत नाही.

म्हणजे बग प्रॉडक्शनमध्ये गेला होता. आता तीन रस्ते. पहिला, रोलबॅक: "सॉरी मंडळी, कोयना मेलेलीच आहे." दुसरा, कुणाला काही न बोलता गप्प बसणं. तिसरा आमच्या धंद्यातला लाडका, बगलाच फीचर म्हणायचं. मी तिसरा निवडला. पुढच्या शनिवारी कोयनाची सावली पडेनाशी झाली. मग तिला अनोळखी भाषेतले शब्द सुचायला लागले. तासभर रिकाम्या राहिलेल्या देहात आणखी कुणीतरी शिरलंय आणि तेही तिच्याबरोबर परत आलंय, असा माझा बेत. बाकीचे जाम खूष. जिचं पात्र, ती गप्प. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "नियम तू विसरलास ना? मग भूत माझ्या अंगात का?"

पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही.

त्या दोन रिकाम्या शनिवारांत मी या खेळाच्या जन्माबद्दल वाचत बसलो. आपण पहिले गाढव नाही एवढं तरी सिद्ध व्हावं, हा उद्देश. तो सफल झाला, कारण हा अख्खा खेळच एका बिघडलेल्या डावातून निघालाय.

साल 1969, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं. डेव्हिड वेझली हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याची मंडळी नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर शिशाचे सैनिक मांडून खेळायची. वेझलीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'स्ट्रॅटेगोस' नावाचं एक जुनं पुस्तक सापडलं होतं, चार्ल्स टॉटन या अमेरिकन सैन्यातल्या अधिकाऱ्याचं, 1880 सालचं. त्यातली एक कल्पना त्याच्या डोक्यात बसली: मध्ये एक पंच असावा, खेळाडूने वाट्टेल ते करून बघावं, आणि निकाल पंचाने द्यावा. ही कल्पना त्याहूनही जुनी. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून राइसविट्झचा 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ चालायचा, त्याच्या नियमांचं ओझं एवढं झालं की 1876 साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सांगितलं, बहुतेक नियम बाजूला ठेवा, अनुभवी पंचावर सोडा.

वेझलीने ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं. दोन्हीकडून सैन्यं चाल करून येतायत. पण सगळ्यांनाच सेनापती करण्याऐवजी त्याने गावातल्या माणसांच्या भूमिका वाटल्या. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, मग कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. बेत असा की एकेकाने वेझलीकडे यायचं, आपला हुकूम गुपचूप सांगायचा आणि बाहेर थांबायचं. आता बाहेर थांबलेले लोक काय करणार? ते आपापसात बोलायला लागले. कट, सौदे, धमक्या, सगळं वेझलीच्या नजरेआड. तेवढ्यात दोघे जण त्याच्यासमोर येऊन उभे, आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय! द्वंद्वाचा नियमच नव्हता. त्याने उभ्या उभ्या एक बनवून दिला. सैन्यं टेबलावर पोचलीच नाहीत आणि डाव संपला.

वेझली घरी गेला तो डाव पार फसला असं समजून. आणि लोक विचारत होते, पुढचा कधी?

मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं, तर त्याने त्या द्वंद्वाला नाही म्हटलं नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी म्हटलं असतं. "स्कोपमध्ये नाही" हे वाक्य माझ्या जिभेवर कायम तयार असतं.

त्या टोळक्यात डेव्ह आर्नेसन होता. पुढच्या एका ब्राउनश्टाइनमध्ये, जो एका काल्पनिक देशात घडत होता, आर्नेसन चक्क सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला आणि समोरच्यांना गुंडाळून टाकलं. वेझली सैन्यात बोलावला गेल्यावर आर्नेसनने स्वतःचं जग सुरू केलं, ब्लॅकमूर. किल्ले, भुयारं, राक्षस. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं, नाव सर फँग, आणि भलतंच ताकदवान होऊन बसलं. आता नियमांचा तोल गेला हे उघड होतं. आर्नेसनच्या जागी मी असतो तर त्याच्या ताकदीचे आकडे कापले असते. तिथे उलट दुसऱ्या एका खेळाडूला व्हॅम्पायरचा शिकारी करण्यात आलं, धर्मगुरू, जुन्या भयपटांतल्या व्हॅन हेल्सिंगच्या वळणाचा. पुजारी हा पात्रप्रकार या खेळात आला तो असा. ज्या पुजाऱ्याने आमच्या कोयनाला खांद्यावर टाकलं, त्याचा खापरपणजोबा म्हणजे एका बिघडलेल्या समतोलावरचा पॅच!

1974 साली आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्सने हे सगळं पुस्तकरूपात काढलं. तीन बारक्या पुस्तिका, एक खोका, किंमत 10 डॉलर, पहिल्या फक्त 1000 प्रती. पुस्तिका अर्धवट होत्या. लढाईसाठी आधीचा 'चेनमेल' हा वेगळा खेळ जवळ असेल असं गृहीत, रानावनातल्या भटकंतीसाठी तिसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरा म्हणून सल्ला. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेने त्या वाचल्या, त्याला त्या पटल्या नाहीत, म्हणून 1975 साली त्याने स्वतःचाच 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. बाकीच्यांनी गाळलेल्या जागा मनाने भरल्या. आपण गल्लीत क्रिकेट खेळताना जे करतो तेच: एक टप्पा आउट, देसाईंच्या खिडकीला लागलं की आउट, आणि धाकटा भाऊ लिंबूटिंबू. दुसऱ्या गल्लीत गेलं की वेगळा कायदा.

छपाईच्या चुकांनीही हातभार लावला. राक्षसांच्या तक्त्यात एक टक्केवारीचा रकाना आहे, तो राक्षस आपल्या गुहेत सापडण्याची शक्यता सांगणारा. गुहेला इंग्रजीत लेअर. सुरुवातीच्या छपाईत एके ठिकाणी अक्षरं इकडची तिकडे होऊन झालं लायर, म्हणजे खोटारडा. काही टोळक्यांनी निरागसपणे अर्थ लावला की हा राक्षस किती टक्के खोटं बोलतो ते दिलंय. विचार करा काय होतं यातून. राक्षस बोलू शकतो हे आधी मान्य करावं लागतं. मग तो काहीतरी सांगतो, ते खरं की खोटं हे तुम्हाला कळत नाही, आणि तलवार उपसण्याआधी संभाषण सुरू होतं. बरोबर छापलेल्या तक्त्यातून हे कधीच निघालं नसतं.

गायगॅक्सला मात्र हे गल्लोगल्लीचे कायदे पुढे खुपायला लागले. 1977 ते 79 दरम्यान 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीचे तीन जाड ग्रंथ आले. कुठल्याही गावी स्पर्धा भरली तरी खेळ एकच असावा, ही अपेक्षा. वर मौज अशी की त्यातल्याच 1979च्या डीएमसाठीच्या ग्रंथाच्या शेवटी तो ठासून सांगतो, नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा महत्त्वाचा. आणि नियम घट्ट केले की चुका संपतात असंही नाही. 2003च्या साडेतीन आवृत्तीत बुडण्याचा नियम असा लिहिला गेलाय की बुडायला लागलेल्याचे प्राण शून्यावर येतात. आता एखादा जखमी होऊन उणे आठवर मरायला टेकलेला असेल तर? त्याचं डोकं बादलीत घाला, उणे आठाचे शून्य होतात! कुठल्याही टेस्टरने पहिल्या दिवशी पकडला असता हा.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला किस्सा गझीबोचा. गझीबो म्हणजे बागेत बसायला बांधलेली छत्री. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात एड व्हिटचर्चच्या टेबलावर एरिक नावाच्या खेळाडूला हा शब्द माहीत नव्हता, हे रिचर्ड अॅरनसनने पुढे लिहून ठेवलं. डीएम म्हणाला, बागेत गझीबो आहे. एरिकने त्याला हाक मारली. उत्तर नाही. बाण मारला. बाण रुतला, तरी गझीबो ढिम्म. शेवटी डीएमचा संयम सुटला आणि त्याने जाहीर केलं की गझीबो जागा झाला आणि त्याने तुला खाल्लं. मंडळी पोट धरून हसली. 2001 सालच्या 'मंचकिन' या पत्त्यांच्या खेळात गझीबो राक्षस म्हणून आहे.

मीही हा किस्सा दहा जणांना रंगवून सांगितलाय. या वेळी वाचताना अंमळ अडखळलो. तिकडे शब्द एरिकला माहीत नव्हता, पण "अरे, ती बागेतली छत्री आहे" एवढं सांगायला डीएमला किती वेळ लागला असता? त्याऐवजी एरिकचं पात्र गेलं. खायला उठलेली छत्री ही कल्पना झकास आहे, बिल फक्त चुकीच्या टेबलावर गेलं. सर फँगच्या वेळी तसं झालं नव्हतं. त्याचा व्हॅम्पायर त्याच्याकडेच राहिला, भर जगात पडली. द्वंद्ववाल्या दोघांकडूनही वेझलीने काही काढून घेतलं नाही. आणि मी? माझ्या विसरण्याची वसुली मी कोयनाच्या अंगातून करत होतो, आणि तिच्या मालकिणीला विचारलंही नव्हतं. शिवाय हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं असा चेहरा करून. ते बहुधा तिला जास्त लागलं असावं.

फोन केला. चहाला भेटलो. "चूक माझी होती, मंगळवारी कळलं होतं, बोललो नाही," एवढं सांगायला मला अर्धा कप लागला. कोयनाला साधं जिवंत ठेवू, सावली परत, भूत रद्द, आणि इथून पुढे एक मिनिटाचा नियम सगळ्यांना लागू, असं मी म्हणालो. ती बिस्किट बुडवत बसली होती.

मग म्हणाली, "भूत रद्द कर. पण तो तास रद्द करू नकोस. देवाने आमच्यासाठी नियम मोडला ना? मग त्या तासात शहरात आणखी जे कोणी मेले असतील, त्यांच्या घरच्यांना हे कळल्यावर काय होईल?"

माझा चहा गार झाला. हे मला सुचायला हवं होतं.

परवाच्या शनिवारी सगळ्यांसमोर आधी चूक कबूल केली. (पुजारीवाला म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं." खोटारडा, साठ टक्के.) मग खेळ सुरू. पहाट. देवळाच्या पायऱ्यांवर सात कुटुंबं बसली आहेत, प्रत्येकासमोर चादरीखाली एकेक जण. पुढे एक म्हातारी, मुठीत कुठून तरी उसने आणलेले हिरे. पुजाऱ्याला दार उघडायचं धाडस होईना. कोयनाने उघडलं. म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, तूच का ती?

त्यानंतर दीड तास कुणी फासा उचलला नाही. नुसतं बोलणं.

पुढचा शनिवार तिच्या घरी आहे. येताना नियमांचं पुस्तक आणायला सांगितलंय, आणि खुणेसाठी एक पेन्सिल.