देवळा : डिजिटल व्यवहार आणि ग्रामीण अर्थकारण

देवळा हा नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक तालुका आहे. देवळा व उमराणे येथे बाजार समित्या आहेत. येथील शेतकऱ्यांपर्यंत डिजिटल व्यवहार असे पोहोचतात: पीएम-किसान योजनेचे (२०१९) वर्षाला ६,००० रुपये पात्र शेतकऱ्यांच्या खात्यात तीन हप्त्यांत थेट जमा होतात. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामुळे (२०१८) तलाठ्याकडची खेप वाचते. ई-पीक पाहणीत (२०२१) शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवर नोंदवतो. ज्यात हे थेट पैसे येतात ते बँक खाते असणे हा नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकातील १२ निकषांपैकी एक आहे. मात्र डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदीसारख्या धक्क्यात मोबाइलवर भाव कळून भागत नाही. साठवणुकीच्या चाळीतला कांदा टिकणे, गाठीला पैसा असणे आणि धोरण स्थिर राहणे यांवरच कुटुंबाचे तगणे अवलंबून असते.