कंबरदुखी

कंबरदुखी म्हणजे शेवटच्या बरगडीची खालची कड आणि नितंबांखालची घडी यांच्या दरम्यान, पाठीच्या बाजूस होणारी वेदना होय. काही वेळा ती एका किंवा दोन्ही पायांत उतरते. अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यास बोलीभाषेत 'उसण भरणे' असे म्हणतात. सहा आठवड्यांच्या आत थांबणारे दुखणे अल्पकालीन, तर बारा आठवड्यांहून अधिक टिकणारे दीर्घकालीन मानले जाते. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. अपंगत्वासह काढाव्या लागणाऱ्या वर्षांचे ते जगातील सर्वांत मोठे कारण आहे.

कारणे

कमरेच्या भागात पाच मणके असून त्यांच्यामध्ये चकत्या (गाद्या) असतात. चकत्या, सांधे, स्नायू, अस्थिबंध आणि नसा यांपैकी कोठूनही वेदना उगम पावू शकते. तथापि दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत नेमका कोणता भाग दुखतो हे खात्रीने सांगता येत नाही. अशा दुखण्यास अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. याचा अर्थ वेदना काल्पनिक असते असा नव्हे. स्थूलता, धूम्रपान, अवजड काम, अपुरी झोप, चिंता आणि हालचालीची भीती यांचा दुखणे उद्भवण्याशी किंवा लांबण्याशी संबंध आढळतो.

१९३४ मध्ये बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या शल्यचिकित्सकांनी फाटून बाहेर आलेल्या चकतीमुळे नस दबून पायात कळ येते, हे दाखवून दिले. पायात उतरणाऱ्या अशा वेदनेस सायटिका किंवा गृध्रसी म्हणतात. पुढे मात्र बहुतेक सर्वच कंबरदुखीचा दोष चकतीच्या माथी मारला जाऊ लागला.

निदान

एमआरआय तपासणीत दिसणारा प्रत्येक बदल वेदनेचे कारण असतोच असे नाही. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींपैकी ५२ टक्के व्यक्तींची किमान एक चकती फुगलेली आढळली. कोणताही त्रास नसलेल्यांमध्ये चकतीची झीज विशीत सुमारे ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयात सुमारे ९६ टक्के व्यक्तींत दिसते. महाराष्ट्रात रुग्णांच्या तोंडी असलेला 'मणक्यात गॅप आली' हा शब्दप्रयोग तर उलटाच आहे; चकती झिजल्यावर मणक्यांतील अंतर वाढत नाही, कमी होते. या शब्दाच्या धास्तीने अनेक जण वाकणे, ओझे उचलणे कायमचे सोडून देतात.

पुढील लक्षणे असल्यास मात्र तपासणीस विलंब करू नये. लघवी तुंबणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायांतील शक्ती कमी होत जाणे ही कण्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दबल्याची चिन्हे असू शकतात; अशा वेळी तातडीने रुग्णालयात जावे लागते. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडणे किंवा अपघात, स्टेरॉइडचा दीर्घ वापर यांचीही दखल घ्यावी लागते. भारतात मणक्यांचा क्षयरोग आजही आढळत असल्याने ताप व वजन घटण्यासह असलेली कंबरदुखी दुर्लक्षून चालत नाही. तरुण वयात सुरू झालेली, सकाळच्या ताठरपणासह येणारी आणि हालचालीने कमी होणारी वेदना संधिदाहाकडे निर्देश करते.

उपचार

अंथरुणावर पडून राहणे हा एकेकाळचा मुख्य उपचार होता. १९९५ मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात, दोन दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा सोसेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. २०१४ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पॅरासिटामॉल घेणारे व केवळ निष्प्रभावी गोळी घेणारे, दोघेही साधारण सतरा दिवसांतच बरे झाले. इब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी थोडा आराम पडतो. परंतु जठर, मूत्रपिंड किंवा हृदयाचे विकार असलेल्यांना ती घातक ठरू शकतात.

दीर्घकालीन दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचार यांचा समावेश आहे. कमरपट्टा, कमरेस वजन लावून ताण देणे आणि अफूजन्य औषधे यांची नेहमीच्या वापरासाठी शिफारस केलेली नाही. कोणताही एक व्यायामप्रकार निर्विवादपणे श्रेष्ठ ठरलेला नाही. जो नियमितपणे केला जाईल तो उपयोगी. २०२४ मधील ऑस्ट्रेलियन चाचणीत, टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांमध्ये दुखणे पुन्हा उद्भवण्यापूर्वीचा मध्यक कालावधी २०८ दिवस, तर इतरांमध्ये ११२ दिवस होता.

शस्त्रक्रिया थोड्याच रुग्णांना लागते. चकतीमुळे होणाऱ्या तीव्र सायटिकात तिने लवकर आराम पडतो. मात्र वर्षभरानंतर, शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांच्या तुलनेत फारसा फरक उरत नाही, कारण बाहेर आलेला चकतीचा भाग बहुधा आपोआप आक्रसतो.