केल्टिक दैवते : एक धर्म की अनेक उपासनापरंपरा?

युरोपच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकांत 'केल्टिक धर्म' हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. त्यावरून आयर्लंडपासून आशिया मायनरपर्यंत पसरलेल्या केल्टिक भाषिकांचे देवमंडळ एकच होते, असा समज होतो. या समजुतीला पुरावा कितपत आधार देतो, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे.

पहिला प्रश्न साधनांचा. इ. स. पू. पहिल्या शतकात गॉल, म्हणजे मुख्यतः आजचा फ्रान्स, जिंकणाऱ्या ज्यूलियस सीझरने आपल्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या भागात तेथील देवांची माहिती दिली आहे. गॉल लोक मर्क्युरीला सर्वाधिक भजतात, त्यानंतर अपोलो, मार्स, ज्युपिटर आणि मिनर्व्हा यांना, असे तो लिहितो. ही पाचही नावे रोमन आहेत. जेत्याने जितांची दैवते आपल्या साच्यात बसविली आणि मूळ नावे गाळली.

दुसरे साधन आयरिश कथांचे. या कथा ख्रिस्ती मठांत लिहिल्या गेल्या. त्यांची उपलब्ध प्रमुख हस्तलिखिते इ. स. ११०० च्या सुमारास व त्यानंतर तयार झाली. त्यांच्या आधारे हजार वर्षांपूर्वीच्या गॉलमधील उपासनेविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

म्हणून कोरीव लेख आणि उत्खनने यांचे महत्त्व अधिक. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली १७११ मध्ये एका स्तंभाचे शिल्पित दगड सापडले. सम्राट टायबेरियसच्या काळात (इ. स. १४ ते ३७) तेथील नावाड्यांच्या संघाने तो उभारला होता. त्यावर ज्युपिटर व व्हल्कन यांच्याबरोबर एसुस आणि शिंगे असलेला केर्नुन्नोस हे स्थानिक देवही आहेत. म्हणजे सामान्य व्यावसायिकांनी दोन्ही परंपरा एकत्र नांदविल्या होत्या.

बहुसंख्य दैवते मात्र एखाद्या नदीशी, झऱ्याशी किंवा जमातीशी बांधलेली दिसतात. सेन नदीच्या उगमापाशी सेक्वाना देवीचे स्थान होते. १९६३ मध्ये तेथे नवसाच्या लाकडी प्रतिमा मोठ्या संख्येने मिळाल्या. इंग्लंडमध्ये बाथ येथील उष्ण झऱ्याची देवी सुलिस. तिच्या कुंडातून १९७९-८० मध्ये सुमारे १३० शिसमिश्रित पत्रे निघाले. अंगरखा चोरीला गेलेला माणूसही चोराला शासन करण्याची विनवणी त्यांवर कोरून तिच्याकडे दाद मागत असे. हेड्रियनच्या तटबंदीजवळील कोव्हेंटिनाच्या विहिरीत १८७६ मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ऱ्हाईन नदीच्या परिसरात 'मात्रोने' या मातृदेवतांचे शेकडो दगड आहेत. त्यांच्या विशेषणांपैकी बरीच जर्मानिक भाषांतील असल्याने केल्टिक व जर्मानिक अशी सरळ रेघ तेथे ओढता येत नाही.

काही दैवते दूरवर आढळतात, हेही खरे. लुगुसचे नाव ल्योनच्या प्राचीन 'लुगुदुनुम' या नावात दडले असल्याचे मानतात. स्पेनमधील ओस्मा येथे चर्मकारांच्या संघाशी निगडित लेखात ते अनेकवचनी येते, तर आयरिश कथांतील लुग हा एकटा वीर आहे. नाव जवळचे, स्वरूप वेगळे. अश्वदेवता एपोना डॅन्यूबपर्यंत आणि खुद्द रोममध्येही पोहोचली. परंतु तिचा प्रसार मुख्यतः रोमन घोडदळाने केला.

पूर्वेकडील उदाहरण याहून बोलके आहे. इ. स. पू. २७८ च्या सुमारास आशिया मायनरमध्ये शिरलेले केल्ट आजच्या अंकाराच्या परिसरात स्थायिक झाले. या गॅलेशियन लोकांच्या तीन जमातींची सभा जेथे भरे, त्या स्थळाचे 'द्रुनेमेतोन' हे केल्टिक नाव स्ट्रॅबोने नोंदविले आहे. त्याच वेळी पेसिनुस येथील सिबिली या अनातोलियन मातृदेवीच्या पुरोहितवर्गात गॅलेशियन होते, हे कोरीव लेखांवरून कळते. भाषा टिकली, उपासना नव्या भूमीची झाली.

मग एकत्वाची कल्पना आली कोठून? १७०७ मध्ये एडवर्ड लॉइड याने वेल्श, आयरिश, ब्रेटन इत्यादी भाषांचे नाते दाखविले आणि 'केल्टिक' हे नाव ब्रिटन व आयर्लंडच्या लोकांना रूढ झाले. प्राचीन लेखकांनी मात्र त्यांना केल्ट म्हटलेले नाही. भाषांच्या नात्यावरून पुढे धर्माचेही ऐक्य गृहीत धरले गेले. बाथच्या पत्र्यांवर गाऱ्हाणे कोरणाऱ्यांना अशा व्यापक धर्माची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांची श्रद्धा समोरच्या कुंडातील सुलिसवर होती. इतिहासकाराने आधी त्यांचे म्हणणे ऐकावे आणि सीझरची यादी नंतर उघडावी, हेच उचित होय.